चार गोळ्या आणि तरीही १६०: बीपी ऐकत नसेल तर हार्मोन तपासलेत का?

(मागच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी बहुतेक जसंच्या तसं.)



मिठावरचा भाग केला होता, त्यानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा २४ वर्षांचा, नोकरीसाठी पुण्यात, घर सोलापूरकडे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, माझे बाबा ५१ वर्षांचे. बीपीच्या चार गोळ्या चालू आहेत, तरी वरचा आकडा १६० च्या खाली येत नाही. आई म्हणते, हे गुपचूप शेव-फरसाण खातात. डॉक्टर म्हणतात, गोळ्या नीट घेत नसतील. बाबा म्हणतात, मी सगळं पाळतोय. आणि मला कळत नाहीये की खरं कोण बोलतंय."

शेवटचं वाक्य ऐकून मी मोबाईल बाजूला ठेवला. कारण हे भांडण कितीतरी घरांत रोज जेवणाच्या ताटावर चालू असतं. बीपी खाली आलं नाही की आपण पेशंटलाच दोष देतो. पथ्य पाळत नाहीस, टेन्शन घेतोस, चालायला जात नाहीस. काही वेळा हे खरंही असतं. पण काही वेळा तो माणूस खरोखर सगळं पाळत असतो, आणि त्याच्या किडनीच्या डोक्यावर बसलेली एक छोटीशी ग्रंथी सगळ्यावर पाणी फिरवत असते. आजचा विषय ती ग्रंथी आणि तिचं एक हार्मोन.

पण त्याआधी एक गोष्ट उरकून घेऊ, नाहीतर सगळेच उद्या हार्मोनच्या टेस्ट करायला धावतील.

डॉक्टर "रेझिस्टंट" बीपी, म्हणजे गोळ्यांना दाद न देणारं बीपी, कशाला म्हणतात? वेगवेगळ्या प्रकारची तीन औषधं, त्यातलं एक लघवी वाढवणारं, तिन्ही पुरेशा डोसमध्ये, आणि तरी बीपी आटोक्यात नाही. किंवा आटोक्यात आहे, पण त्यासाठी चार किंवा जास्त औषधं लागतायत. ही झाली व्याख्या. पण यातले बरेच जण खरे रेझिस्टंट नसतात. जिना चढून दवाखान्यात आलेल्या माणसाचं धापा टाकत असतानाच बीपी मोजलं, तर ते जास्तच येणार. जाड दंडावर छोटा पट्टा बांधला तरी जास्त येणार. काहींचं बीपी पांढरा कोट बघूनच चढतं. आणि हो, काही जण गोळ्या खरंच विसरतात, किंवा महिनाअखेरीला पैसे कमी असले की एक दिवसाआड घेतात, आणि डॉक्टरांना सांगायला लाजतात.

म्हणून पहिलं काम घरचं. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्यायचं, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, सिगारेट काही नाही. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे गप्प, रील्स बघत नाही. हात हृदयाच्या उंचीला टेबलावर. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी ती १३५/८५ च्या वर राहत असेल, गोळ्याही रोज घेतल्या जात असतील, तर मग पुढचा प्रश्न विचारायचा हक्क मिळाला.

पुढचा प्रश्न हा: शरीर आतून मीठ धरून ठेवतंय का?

आता जरा शरीरात शिरू. आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. रक्तातलंच पाणी, पुन्हा पुन्हा. त्या १८० लिटरमध्ये दीड किलोच्या आसपास मीठ असतं. हो, दीड किलो. त्यातलं जवळपास सगळं किडनी परत रक्तात घेते, आणि आपण खातो तेवढे काही ग्रॅम लघवीतून बाहेर जातात. बहुतांश मीठ आपोआप परत येतं, पण अगदी शेवटच्या टप्प्यावर थोडंसं मीठ उरतं. ते ठेवायचं की सोडायचं, हे ठरवणाऱ्या हार्मोनचं नाव अल्डोस्टेरॉन. शाळेच्या पुस्तकात हार्मोनला संप्रेरक म्हणायचे, आठवत असेल. हे हार्मोन बनतं अॅड्रिनल ग्रंथीत. प्रत्येक किडनीच्या टोकावर टोपीसारखी बसलेली, चार-पाच ग्रॅम वजनाची ग्रंथी.

मीठ आत राहिलं की त्याच्या मागोमाग पाणी राहतं. पाणी राहिलं की रक्ताचं प्रमाण वाढतं. प्रमाण वाढलं की बीपी वाढतं. आणि मीठ धरून ठेवण्याच्या बदल्यात हे हार्मोन पोटॅशियम बाहेर सोडतं. हे पोटॅशियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही सिस्टीम चालते कशी, ते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून सांगतो. गच्चीवर टाकी आहे, खाली मोटर आहे. टाकीतलं पाणी उतरलं की वॉचमन मोटर चालू करतो. टाकी भरली की बंद करतो. शरीरात वॉचमनचं काम करतं रेनिन. तेही किडनीतूनच निघतं. रक्ताचा दाब किंवा मीठ कमी झालं की रेनिन ओरडतं, "मोटर लावा", आणि एक-दोन टप्पे मध्ये घेऊन तो निरोप अॅड्रिनलला पोचतो. अल्डोस्टेरॉन ही ती मोटर. मीठ-पाणी वर चढतं, टाकी भरते, रेनिन गप्प बसतं, मोटर थांबते.

आता समजा मोटरची वायर शॉर्ट झाली आणि वॉचमनने काही न करता ती चालूच राहिली. टाकी भरून वाहतेय. वॉचमन बिचारा बटणाला हातसुद्धा लावत नाहीये, तो केव्हाचा गप्प आहे. तरी मोटर चालू. या आजाराचं नाव प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम. कधी एका अॅड्रिनलमध्ये छोटी गाठ असते, बहुतेक वेळा कॅन्सरची नसलेली, आणि ती मनाला येईल तेवढं हार्मोन बनवते. कधी दोन्ही ग्रंथी थोड्या थोड्या बेताल झालेल्या असतात.

आणि आता बघा, बीपीच्या रोजच्या गोळ्या इथे का कमी पडतात. आपल्याकडे भरपूर दिल्या जाणाऱ्या ज्या "सार्टन"वाल्या गोळ्या आहेत, टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे, किंवा "प्रिल"वाल्या, त्या रेनिनचा निरोप मध्येच अडवतात. म्हणजे वॉचमनची इंटरकॉमची लाइन कापतात. एरवी उत्तम काम होतं. पण मोटर जर वॉचमनचं ऐकतच नसेल, तर लाइन कापून मिळणार किती? मग दुसरी गोळी येते, तिसरी येते, चौथी येते. गोळ्या वाईट नाहीत, त्या चुकीच्या दाराशी उभ्या आहेत.

हा आजार सापडला त्याची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साल १९५४, अमेरिकेतलं अॅन आर्बर, मिशिगन विद्यापीठ. अल्डोस्टेरॉन हे हार्मोनच मुळात तोपर्यंत नवंकोरं होतं. सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट या जोडीने लंडनमध्ये, स्वित्झर्लंडमधल्या सहकाऱ्यांच्या मदतीने, ते जेमतेम वर्षभरापूर्वी वेगळं केलं होतं. अॅन आर्बरच्या जेरोम कॉन नावाच्या डॉक्टरांकडे ३४ वर्षांची एक बाई आली. सात वर्षं तिला अधूनमधून स्नायूंत पेटके यायचे, अशक्तपणा इतका की मधूनच पाय लुळे पडायचे. बीपी जास्त. रक्तातलं पोटॅशियम एकदम कमी.

कॉन यांचं आधीचं काम इथे उपयोगी पडलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी एका प्रश्नावर अभ्यास केला होता: गरम प्रदेशात पाठवलेल्या सैनिकांचं शरीर उकाड्याची सवय कशी करून घेतं? त्यात दिसलं की काही दिवसांनी घामातलं मीठ कमी होतं, शरीर मीठ वाचवायला लागतं, आणि हे अॅड्रिनलच्या हुकमावरून होतं. म्हणून या बाईला तपासताना त्यांनी तिचा घाम आणि लाळ तपासली. दोन्हींत मीठ अगदी कमी. म्हणजे तिचं शरीर मीठ असं वाचवत होतं, जणू ती वाळवंटात राहते! त्यांनी तिला २२७ दिवस हॉस्पिटलच्या खास विभागात ठेवून खाणं-पिणं, लघवी, सगळं मोजलं. आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये भर परिषदेत अध्यक्षीय भाषणात सांगून टाकलं की हा नवीन आजार आहे, कारण आहे जास्तीचं अल्डोस्टेरॉन.

गंमत म्हणजे तेव्हा गाठ कोणी बघितलेली नव्हती. सीटी स्कॅन हा प्रकारच नव्हता. डिसेंबरमध्ये ऑपरेशन झालं. विल्यम बॉम हे सर्जन. बेत दोन्ही अॅड्रिनल काढायचा होता. पोट उघडलं तर उजव्या ग्रंथीत साधारण चार सेंटिमीटरची गाठ. फक्त तेवढी बाजू काढली. पोटॅशियम ठीक झालं, बीपी खाली आलं. आजही या आजाराला "कॉन सिंड्रोम" म्हणतात ते यावरून.

आता खरं तर इथून पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. कारण सापडलं, उपाय सापडला. पण झालं उलटंच. १९६० च्या दशकात कॉन म्हणाले की साध्या बीपीच्या पेशंटमध्येही हा आजार बराच असावा, अगदी वीस टक्क्यांपर्यंत. बाकीच्यांनी ते मनावर घेतलं नाही. शंभरात एखादा, एवढंच धरलं गेलं, आणि पुढच्या कित्येक डॉक्टरांच्या पिढ्या तसंच शिकल्या.

चूक कुठे झाली? त्या पोटॅशियममध्ये. पहिल्या पेशंटचं पोटॅशियम कमी होतं, म्हणून नियम पडला की पोटॅशियम कमी असेल तरच हा आजार शोधायचा. पुढे १९८१ मध्ये जपानमध्ये अल्डोस्टेरॉन आणि रेनिनचं गुणोत्तर काढायची साधी युक्ती आली, आणि १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या रिचर्ड गॉर्डन यांच्या टीमने पोटॅशियम नॉर्मल असलेल्या बीपीच्या पेशंटचंही हे गुणोत्तर बघायला सुरुवात केली. भराभर सापडायला लागले. आज आपल्याला माहीत आहे की या आजाराच्या बहुसंख्य पेशंटमध्ये पोटॅशियम नॉर्मलच असतं. "पोटॅशियम चांगलं आहे, म्हणजे हार्मोनचा प्रश्न नाही" हे वाक्य म्हणूनच धोकादायक.

२०२० मध्ये अमेरिकेत हजारावर लोकांचा एक अभ्यास आला. त्यात एका रक्ताच्या नमुन्यावर न थांबता २४ तासांची लघवी गोळा करून अल्डोस्टेरॉन मोजलं. बीपी खूप वाढलेल्यांत आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत साधारण २२ टक्के जणांत हा आजार निघाला. थोडंसंच वाढलेल्यांत जवळपास १६ टक्के. आणि ज्यांचं बीपी नॉर्मल होतं त्यांच्यातही ११ टक्के. म्हणजे आहे किंवा नाही असा हा प्रकार नाही, थोडं बेताल ते पूर्ण बेताल अशी चढण आहे. कॉन यांचा अंदाज तेवढा वेडगळ नव्हता तर!

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. अमेरिकेतल्याच निवृत्त सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेत गोळ्यांना दाद न देणारं बीपी असलेले दोन लाखांहून जास्त पेशंट बघितले. त्यांच्यातल्या किती जणांची ही टेस्ट झाली होती? १.६ टक्के. पाचातल्या एकात असण्याची शक्यता, आणि शंभरातल्या दोघांचीही टेस्ट नाही. तेही अमेरिकेत, जिथे गाइडलाइनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या तालुक्याच्या गावी काय परिस्थिती असेल, ते मी वेगळं सांगत नाही.

"बरं, बीपी आहे ते आहे, कारण कळून काय फरक पडतो?" असं कोणी विचारेल. फरक पडतो. अल्डोस्टेरॉन नुसतं बीपी वाढवून थांबत नाही. मीठ आणि जास्तीचं अल्डोस्टेरॉन एकत्र आले की हृदयाचे स्नायू, रक्तवाहिन्या, किडनी यांना ते थेट इजा करतात. २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात साधं बीपी असलेल्यांच्या तुलनेत या लोकांमध्ये स्ट्रोकची शक्यता साधारण अडीच पट निघाली, आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या एका आजाराची, एट्रियल फिब्रिलेशनची, साधारण साडेतीन पट. म्हणजे दोघांचं बीपी सारखंच असलं तरी धोका सारखा नाही.

इथे एक छोटं वळण घेतो, कारण मीठ म्हटलं की मला ही माणसं आठवतात. ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या जंगलात यानोमामी नावाचे आदिवासी राहतात. मीठ जवळजवळ खातच नाहीत. १९७० च्या दशकात त्यांचे नमुने तपासले तर रेनिनही वरती, अल्डोस्टेरॉनही वरती. आणि बीपी? वरचा आकडा शंभराच्या आसपास, म्हातारपणीही फारसा चढत नाही. त्यांची मोटर दिवसरात्र चालू आहे, पण खालच्या टाकीत पाणीच नाही, मग वर चढणार काय? त्यांना या हार्मोनचा त्रास होत नाही, उलट ते त्यांना जगवतं. घोटाळा होतो तो लोणचं, पापड, वेफर्स, बाहेरची ग्रेव्ही असं सगळं चालू असताना शरीर वाळवंटात असल्यासारखं वागतं तेव्हा. म्हणून त्या सोलापूरच्या आईचं फरसाणाबद्दलचं म्हणणं चूक नाही. या आजारात मीठ इतरांपेक्षा जास्तच नडतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, दिवसभराचं सगळं मिळून.

आता टेस्टकडे येऊ. नाव लक्षात ठेवा, किंवा स्क्रीनशॉट घ्या: अल्डोस्टेरॉन-रेनिन रेशो. रक्ताची टेस्ट आहे. सकाळी उठून दोनेक तास नेहमीसारखं वावरायचं, मग पाच ते पंधरा मिनिटं बसायचं आणि रक्त द्यायचं. सोबत पोटॅशियमही बघतात, कारण ते कमी असेल तर रिझल्ट फसवा येऊ शकतो. टेस्ट बघते काय? मोटर जोरात आणि वॉचमन गप्प, असं आहे का. अल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन तळाला, तर संशय पक्का. बीपीच्या काही गोळ्यांमुळे आकडे हलतात, पण म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करून लॅबमध्ये जायचं नाही. १६० चं बीपी गोळ्या बंद केल्यावर २०० होऊ शकतं. कोणती गोळी थांबवायची, थांबवायची का, हे डॉक्टर ठरवतील. अनेकदा आहे त्याच गोळ्यांवर टेस्ट करूनही पुरेशी माहिती मिळते.

संशय आला तर पुढचे टप्पे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे. काहींना सलाइन देऊन तपासतात की एवढं मीठ शरीरात जाऊनही हार्मोन खाली येतंय का. मग सीटी स्कॅन. पण इथे एक फसवणूक आहे. वय वाढलं की अॅड्रिनलमध्ये निरुपद्रवी गाठी अनेकांना असतात, आणि त्या काहीच करत नाहीत. सीटीमध्ये डावीकडे गाठ दिसली आणि हार्मोन मात्र उजवीकडून येतंय, असंही होतं. म्हणून ऑपरेशनचा विचार असेल तर दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून वेगवेगळं रक्त घेऊन बघतात की नक्की कोणती बाजू दोषी. हे काम नाजूक आहे. उजवी शीर आखूड आणि अवघड जागी असते, सवयीचा हात लागतो, आणि सगळीकडे ते होत नाही.

एकच बाजू दोषी निघाली तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढतात. दुसरी पुरेशी असते. इथे अपेक्षा मात्र खरी ठेवा. अनेक देशांतल्या ऑपरेशन झालेल्या पेशंटचा २०१७ मध्ये हिशोब मांडला, त्यात हार्मोन ९४ टक्के लोकांचं ठीक झालं होतं, पण गोळ्या पूर्ण सुटून बीपी नॉर्मल झालेले होते ३७ टक्के. आणखी ४७ टक्क्यांचं बीपी किंवा गोळ्या कमी झाल्या. तरुणपणी सापडला तर पूर्ण सुटण्याची शक्यता जास्त. वीस वर्षं बीपी सोसलेल्या रक्तवाहिन्या गाठ काढली म्हणून पुन्हा कोवळ्या होत नाहीत.

दोन्ही बाजू दोषी असतील तर औषध. स्पायरोनोलॅक्टोन. जुनं, स्वस्त औषध, अल्डोस्टेरॉन जिथे जाऊन चिकटतं ती जागाच अडवणारं. २०१५ मध्ये ब्रिटनमधला पाथवे-२ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन औषधं घेऊनही बीपी न उतरलेल्या पेशंटना चौथं म्हणून आळीपाळीने हे औषध, दुसरी दोन नेहमीची औषधं आणि खोटी गोळी दिली, प्रत्येक १२ आठवडे. स्पायरोनोलॅक्टोन सरळसरळ जिंकलं. घरी मोजलेला वरचा आकडा खोटी गोळी घेतानापेक्षा ८.७ ने कमी. ज्यांना गाठ वगैरे काही सापडलेलं नव्हतं, त्यांच्यातही. म्हणजे दाद न देणाऱ्या बीपीच्या बऱ्याच केसेसमध्ये मीठ धरून ठेवणं हेच मूळ असावं.

मग सगळ्यांनाच का देत नाहीत? दोन कारणं. पुरुषांमध्ये छाती दुखणं किंवा वाढणं असा त्रास होऊ शकतो, कारण हे औषध पुरुष हार्मोनच्या जागीही थोडं जाऊन बसतं. त्यावर एप्लेरेनोनसारखे पर्याय आहेत. दुसरं कारण जास्त गंभीर. पोटॅशियम धोकादायक इतकं वाढू शकतं, विशेषतः किडनी आधीच कमजोर असेल तर. म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. आणि एक आपल्याकडची गोष्ट: बाजारात "लो सोडियम" मीठ मिळतं, "बीपीवाल्यांसाठी चांगलं" म्हणून घरात येतं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. एरवी ठीक, पण या औषधावर असलेल्या माणसाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचं नाही. रोजचं नारळपाणीही त्यांना विचारूनच.

नवीन औषधंही येतायत. ही हार्मोनला अडवत नाहीत, ते बनूच देत नाहीत. अडचण अशी होती की अल्डोस्टेरॉन बनवणारं एन्झाइम आणि कॉर्टिसॉल बनवणारं एन्झाइम ९३ टक्के सारखी आहेत. एकाला थांबवायला जावं तर दुसरं थांबतं, आणि कॉर्टिसॉलशिवाय माणूस जगत नाही. बॅक्सड्रोस्टॅट नावाच्या औषधाला हा फरक बऱ्यापैकी जमला. ऑगस्ट २०२५ मध्ये माद्रिदच्या हृदयरोग परिषदेत त्याचे निकाल मांडले. जवळपास ८०० पेशंट, १२ आठवडे, वरचा आकडा खोट्या गोळीपेक्षा डोसप्रमाणे ८.७ ते ९.८ ने जास्त उतरला. पोटॅशियमवर लक्ष इथेही ठेवावं लागतंच.

बाकीची हार्मोन्स पटापट सांगतो. कॉर्टिसॉल जास्त झालं तर चेहरा गोल, पोटावर जांभळे पट्टे, हातपाय बारीक आणि बीपी वर. अॅड्रिनलच्याच आतल्या भागात क्वचित एक गाठ होते, ती अॅड्रिनलिनसारखी रसायनं सोडते. अचानक डोकं ठणकतं, घाम फुटतो, धडधडतं, आणि थोड्या वेळाने सगळं शांत. थायरॉइड कमी-जास्त झालं तरी बीपी हलतं. जोरात घोरणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस असेल तर झोपेतला श्वास तपासा. आणि जिमवाल्या मित्रांनो, कोणी "गेन्स"साठी दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं हीसुद्धा हार्मोन्सच आहेत, बीपी वाढवतात. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही काहींचं बीपी वाढतं, म्हणून त्या सुरू करताना मोजून घ्यायचं.

पण एक गोष्ट जरा थांबून सांगायलाच हवी: ज्येष्ठमध. घसा बसला की आजी काडी चघळायला देते, गाणारी मंडळी तर खिशातच ठेवतात. अधूनमधून एखादी काडी, काही हरकत नाही. पण रोज भरपूर घेतलं तर हुबेहूब अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखं चित्र तयार होतं. बीपी वर, पोटॅशियम खाली, पायावर सूज. नेदरलँड्समध्ये १९४० च्या दशकात रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी अल्सरच्या पेशंटना ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा अल्सरला आराम पडला पण काहींच्या अंगावर सूज आली. कारण पुढे कळलं. कॉर्टिसॉललाही मोटरच्या खोलीची किल्ली लागते, आणि ते रक्तात अल्डोस्टेरॉनच्या कित्येक पट असतं. दाराशी एक एन्झाइम पहारा देतं आणि कॉर्टिसॉलला निकामी करतं. ज्येष्ठमध त्या पहारेकऱ्याला झोपवतं. मजा म्हणजे अशा वेळी टेस्टमध्ये अल्डोस्टेरॉनही कमी आणि रेनिनही कमी येतं, आणि सगळे चक्रावतात. म्हणून डॉक्टरांना काढे, चूर्णं, चहातली पावडर, सगळं सांगायचं. दुखण्याच्या गोळ्या आणि सर्दीची औषधंसुद्धा, त्यांनीही बीपी चढतं.

टेस्टबद्दल विचारायचं कोणी? तीन औषधांवरही बीपी आटोक्यात नसलेल्यांनी. चाळिशीच्या आत बीपी लागलेल्यांनी, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी काही जण तुम्हीच. पोटॅशियम कमी येणाऱ्यांनी. सोनोग्राफी किंवा सीटीत सहज अॅड्रिनलची गाठ दिसली असेल त्यांनी. घरात कोणाला तरुणपणी स्ट्रोक झाला असेल त्यांनी. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने तर २०२५ मध्ये सुचवलंय की बीपी असलेल्या प्रत्येकाचीच ही तपासणी करावी. मला ते पटतं, पण आपल्याकडे निदान वरच्या लोकांपासून सुरुवात झाली तरी खूप.

विचारताना मात्र "मी पॉडकास्टमध्ये ऐकलं" असं म्हणत जाऊ नका, डॉक्टर वैतागतात आणि त्यांचंही बरोबर आहे. सात दिवसांचे घरचे आकडे कागदावर न्या, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आणि विचारा: "तीन-चार गोळ्यांवरही एवढं येतंय, तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन एकदा बघायचं का?"

सोलापूरच्या मित्राला आम्ही हेच कळवलं होतं. त्याने आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉलवर बाबांचं बीपी मोजून घेतलं, गोळ्या घेतानाही कॅमेरा चालू. सरासरी आली १५८/९६. तो म्हणाला, "दादा, बाबा खरं बोलत होते." आता त्यांचं रक्त तपासायला गेलंय. रिपोर्ट यायचाय. आला आणि बाबांची हरकत नसली, तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगतो.